सत्त्याण्णव लिटर पाणी आणि चार ग्रॅम

आमच्या घरातल्या कासवाचं वजन मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला करते. प्लास्टिकच्या डब्यात ठेवून आधी ग्रॉस, मग रिकाम्या डब्याचा टेअर, वजाबाकी करून नेट. भिलाईजवळ रसमड्याच्या एका कारखान्यात ट्रक तोलायच्या धरमकाट्यावर बसून मला एकोणीस वर्षं झाली. भरलेली गाडी आत येताना तोलायची, रिकामी बाहेर जाताना तोलायची, आणि दोन्ही वेळा ड्रायव्हरला केबिनमधून खाली उतरवायचं. ड्रायव्हर एकदा वर आणि एकदा खाली असला की सत्तर किलोची चूक होते, आणि सत्तर किलो म्हणजे काय ते समोरच्याला समजावण्यात अर्धा दिवस जातो. त्यामुळे माझी सवयच अशी झाली आहे की आकडा जुळला नाही तर मला जेवण गोड लागत नाही.

कासव घरी आलं ते मुलीमुळे. नवऱ्याच्या स्टील प्लांटमधल्या एका सोबत्याची बदली झाली, तेव्हा तिच्या हट्टानं ते टाकीसकट आमच्याकडे आलं. पाण्यातलं, कानापाशी लाल पट्टा असलेलं, तळहातापेक्षा थोडं मोठं. मुलगी तेव्हा सातवीत होती. तिनं त्याला ठेवलेलं नाव मी इथे लिहीत नाही, कारण घरात ते कुणी वापरत नाही. माझे सासरे त्याला साहेब म्हणतात. सासरे प्लांटच्या पंप हाउसमधून निवृत्त झाले. त्यांचं म्हणणं, जो दिवसभर दिव्याखाली बसून राहतो, जेवायच्या वेळी तेवढा उठतो आणि कुणी जवळ आलं की मान आत घेतो, त्याला दुसरं काय म्हणायचं.

दोन वर्षं साहेब आमच्या रिसालीच्या घरात हॉलच्या कोपऱ्यात मजेत राहिले. टाकीसोबत आलेला फिल्टर माशांच्या टाकीचा होता, अंगठ्याएवढा स्पंज असलेला. साहेब लहान होते तोवर तो पुरला. साहेब वाढले, फिल्टर तेवढाच राहिला. पाणी पिवळट झालं, मग हिरवट. आम्हाला ते एकदम दिसलं नाही, कारण रोज बघणाऱ्याला काही दिसत नाही. वासाचंही तसंच.

तो वास आमच्या लक्षात आणून दिला माझ्या नणंदेनं. ती बोरसीला राहते, माझ्यापेक्षा लहान आहे, आणि तिचं नाक असं आहे की दूध नासायच्या आदल्या दिवशी तिला कळतं. नागपंचमीला ती आली, हॉलमध्ये पाच मिनिटं बसली, आणि कपबशी घेऊन बाहेर ओसरीवर जाऊन बसली. मी विचारलं तर म्हणाली, "वहिनी, राग नका मानू. पण हॉलमधी वास येऊन राहिला. महालक्ष्म्या इथंच बसतात ना तुमच्या?"

महालक्ष्म्या तिथेच बसतात. सासूबाई होत्या तेव्हापासून त्याच भिंतीशी, त्याच स्टँडवर दोघी उभ्या राहतात. जेवणाच्या दिवशी चाळीस-पंचेचाळीस माणसं येतात, पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या. आणि त्या सगळ्यात हा वास. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी तिथल्या तिथे सर्वांसमोर बोलून गेले. म्हटलं, महालक्ष्म्या यायच्या दिवशी ताई येतील, त्याच हॉलमध्ये बसतील. त्यांना वास आला नाही तर कासव इथेच राहील. आला तर त्याच दिवशी बोरसीला जाईल.

नणंदेच्या अंगणात सिमेंटचं मोठं टाकं आहे. तिला साहेब पहिल्यापासून आवडतात. तिनं लगेच हो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी फोन केला की टाकं घासायला घेतलं आहे, कमळाचा कंदही मिळतो आहे.

मुलगी नववीत. ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मम्मी, उसको तो स्मेल आती नहीं. हमको आती है. तो हम चले जाते हैं ना बोरसी." मग तिनं माझ्याच पद्धतीनं उत्तर दिलं. पंचांग काढून दिवस मोजले आणि टाकीच्या काचेवर काळ्या मार्करनं मोठा आकडा लिहिला, ३२. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाण्याआधी तो पुसून ३१. मी रोज चहा घेऊन हॉलमध्ये आले की काचेवरचा आकडा माझ्याकडे बघायचा, आणि त्याच्या मागून साहेब.

सासऱ्यांनी काम अंगावर घेतलं. फिल्टर विकत घ्यायचा म्हणजे त्यांच्या लेखी नामुष्की. "बेटा, पस्तीस वर्षं पानीच फिरवलं मी. ह्या एवढ्याश्या डबक्यासाठी दुकानात जाऊ?" त्यांचा नियम सरळ होता, लागेल त्याच्या दुप्पट पंप, आणि एक स्टँडबाय. त्यांनी माळ्यावरून कूलरचा पंप काढला. भिलाईत प्रत्येक घरात एक चालू कूलर आणि दोन मेलेल्या कूलरचे पंप असतातच. रंगाच्या रिकाम्या बादलीला भोकं पाडली, आत गोटे, नारळाचा काथ्या, जुन्या कूलरच्या जाळीचं गवत. टाकीतलं पाणी पंपानं बादलीत, बादलीतून गळत परत टाकीत. कागदावर यात काही चूक नव्हती. मी पाहिला होता तो कागद.

सातव्या दिवशी चालू केलं. पहिली धार भिंतीवरच्या घड्याळापर्यंत गेली. सासऱ्यांनी नळी खाली वळवली, तर टाकीत भोवरा झाला. साहेब दगडावरून खाली आले आणि फिरायला लागले. एक फेरी, दोन फेऱ्या, चारही पाय पसरलेले, मान पूर्ण बाहेर. चौथ्या फेरीला मुलीनं हात घालून त्यांना काढलं. विशेष म्हणजे साहेब घाबरलेले वाटत नव्हते, उलट तिच्या हातातून परत पाण्याकडे झेपावत होते. मुलगी सात दिवसांनी पहिल्यांदा हसली. नवरा तर सोफ्यावर आडवा झाला. सासरे गंभीरपणे म्हणाले, "फ्लो जास्त झाला."

मी मात्र त्या पंपाचं नाव काढू दिलं नाही. कूलरच्या पाण्यात बोट घातलं की झिणझिण्या येतात, हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे, आणि मुलगी त्या टाकीत दिवसातून दोनदा हात घालते. दुसरं असं, की काथ्याचा रंग सुटून पाणी चहासारखं झालं होतं.

नवव्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि मुलीला घेऊन सुपेल्याच्या बाजूला माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात गेले. जाण्याआधी टाकीचं माप घेतलं. लांबी नव्वद सेंटिमीटर, रुंदी अडतीस, पाण्याची उंची तीस. गुणाकार केला तर एकशे दोन लिटर आणि सहाशे मिलिलिटर. पण आत दगड आहेत, बसायचा ओटा आहे. म्हणून पाणी बदलताना बादलीनं मोजून भरलं. पंधरा लिटरच्या सहा बादल्या आणि वर सात लिटर. सत्त्याण्णव. आकडा हाताशी असला की दुकानदार उगाच काही गळ्यात मारत नाही, असा माझा अनुभव आहे. सोबत मी ती बादली आणि नवऱ्याचं स्टॉपवॉच असलेलं घड्याळही घेतलं.

दुकानदार तरुण होता. त्यानं आधी विचारलं की कछुआ आहे की मगरमच्छ. मी त्याला कासवाचं नेट वजन सांगितलं, आठशे चाळीस ग्रॅम, तेव्हा तो जरा सरळ बसला. त्यानं समजावलं की कासव म्हणजे मासा नाही. ते पाण्यातच खातं, पाण्यातच फाडून टाकतं, पाण्यातच बाकी सगळं करतं. "मैडम, मछली समझो घर का आदमी है. कछुआ मतलब पूरी बारात." म्हणून कासवाला टाकीच्या आत बसणारा छोटा फिल्टर चालत नाही. टाकीबाहेर, खाली ठेवायचा बंद डबा घ्यावा. पाणी नळीनं डब्यात उतरतं, स्पंजातून जातं, मग सिरॅमिकच्या पोकळ तुकड्यांमधून जातं आणि वर परत येतं. त्या तुकड्यांवर घाण खाणारे जिवाणू वाढतात, त्याला दोन-तीन आठवडे लागतात, आणि स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीच्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नाहीतर जिवाणू मरतात. हे सगळं मला पटलं. साफसफाईचं काम कुणीतरी आतमध्ये राहून करतंय, हा विचारच मला आवडला.

मग त्यानं दोन डबे समोर ठेवले. एकाच्या खोक्यावर तासाला हजार लिटर लिहिलं होतं, दुसऱ्यावर आठशे. हजारवाला दिसायला झकास होता, दिवे लागणारा. तोच घ्या म्हणाला. मी विचारलं, हजार कुठे मोजलं. तो म्हणाला, कंपनीनं. मी म्हटलं, इथे मोजू.

"बाल्टी लेके आए हो?" त्यानं बादलीकडे बघत विचारलं. मुलगी दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन गोल्डफिश बघायला लागली. ती मला ओळखत नसल्यासारखी उभी राहते तेव्हा मी समजते की मी बरोबर मार्गावर आहे.

त्याच्याकडे गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्यानं लावून दाखवलं. डबा जमिनीवर, टाकी माझ्या घरात आहे तेवढ्याच उंचीवर, नळीचं तोंड माझ्या बादलीत. हजारवाल्यानं पंधरा लिटर भरायला नव्वद सेकंद घेतले. म्हणजे तासाला सहाशे. आठशेवाल्यानं शंभर सेकंद, म्हणजे पाचशे चाळीस. दुकानदारानं स्वतःच्या मोबाइलवर हिशोब करून बघितला, दोनदा. मग तो स्वतःच उठून मागून तिसरा डबा आणायला निघाला, मलाच थांबवावं लागलं.

फरक तासाला साठ लिटरचा. सत्त्याण्णव लिटरचं पाणी एक डबा तासाला सहा वेळा फिरवतो, दुसरा साडेपाच वेळा. मी दोन्हींची झाकणं उघडायला लावली. हजारवाल्याचं पोट तीन लिटरचं, आठशेवाल्याचं सहा लिटरचं. आत दुप्पट स्पंज, दुप्पट तुकडे. इथे मला काट्यावरची गोष्ट आठवली. गाडी किती जोरात धावते हे कुणी तोलत नाही, तिच्यात माल किती मावतो ते तोलतात. बारात जर रोज येणार असेल, तर मला घाण लवकर हलवणारा नको होता, जास्त घाण पोटात ठेवणारा हवा होता. मी आठशेवाला घेतला. दुकानदारानं बिल करताना विचारलं की मॅडम कुठे काम करतात. रसमडा, धरमकाटा, असं सांगितल्यावर त्यानं हात जोडले.

घरी सासऱ्यांनी डबा उलटसुलट करून पाहिला, नळ्यांचे जोड तपासले आणि पंप ठीक आहे म्हणाले, फक्त स्टँडबाय नाही. बाहेर येणाऱ्या पाण्याचं तोंड त्यांनी काचेकडे वळवून दिलं, म्हणजे धार अंगावर येणार नाही. साहेबांनी फिरायला मिळतं का ते बघितलं आणि निराश होऊन दगडावर गेले.

तीन दिवसांत पाणी असं झालं की टाकीच्या मागच्या भिंतीचा रंग दिसायला लागला. काचेवर आकडा २० होता. मी मनात महालक्ष्म्यांच्या साड्या काढायला घेतल्या.

आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाणी पुन्हा गढूळ झालं.

जिवाणूंना वेळ लागतो हे मी धरलं होतं. पण हे तेवढं वाटेना. स्पंज पिळला तर काळं, दाट पाणी निघालं. ते मी काचेच्या बरणीत ओतून ठेवलं. तासाभरानं गाळ खाली बसला, चार बोटं. दोन दिवसांनी परत पिळला, परत चार बोटं. आठशे चाळीस ग्रॅमच्या प्राण्यानं दोन दिवसांत एवढं करायचं म्हणजे त्यानं खायलाही तेवढंच हवं. गाळ काडीनं चाळून बघितला तर त्यात फुगलेल्या, न खाल्लेल्या हिरव्या गोळ्या होत्या. दोष फिल्टरचा नव्हता, आवक जास्त होती.

साहेबांच्या खाण्याचा डबा टाकीशेजारीच असतो. त्यात मिसळणाच्या डब्यातला एक छोटा चमचा ठेवलेला आहे. तो मीच तोलून दिला होता. एक सपाट चमचा म्हणजे तीन ग्रॅम, दिवसातून एकदा, सकाळी, मुलीनं. मी कुणाला काही न बोलता नवा डबा उघडला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला आणि आकडा किराण्याच्या यादीमागे लिहून ठेवला. काट्यावर गाडी चढण्याआधी आम्ही ड्रायव्हरला काही सांगत नाही.

दहा दिवसांनी पुन्हा तोलला. तीस ग्रॅम कमी व्हायला हवा होता. चौऱ्याण्णव ग्रॅम कमी झाला होता.

त्या दिवशी रविवार होता आणि नवऱ्याची सुट्टी, म्हणून चौघं एकत्र जेवायला बसलो होतो. आमच्या घरी हे महिन्यातून दोन-तीनदाच होतं. नवऱ्याची पाळी दर आठवड्याला बदलते, मुलगी सकाळी साडेसहाला निघते, मी आठला निघून सहाला येते. मी ताटाशेजारी कागद ठेवला आणि सांगितलं की तीस जायला हवे होते, चौऱ्याण्णव गेले, काचेवर ८ आहे, आणि हे असंच चाललं तर कासव बोरसीला जाईल, मग फिल्टर कुठलाही असो.

मग सासऱ्यांनी वरणभात कालवायचं थांबवलं. "मी देतो दुपारी. एकच चमचा, सपाट. तुमी सारे गेल्यावर घरी आमी दोघंच ऱ्हातो. तो मले पाहून काचेशी येते. मले वाटे, सकाळच्या घाईत पोरगी विसरत असन."

मुलगी म्हणाली ती एक दिवसही विसरलेली नाही.

नवरा ताटाकडे बघत होता. मी कागद त्याच्याकडे सरकवला. तो म्हणाला, "ड्यूटीवरून आलो की देतो मी. डोकं आपटते तो काचेवर. उपाशी प्राणी पाहून मी चहा कसा पिऊ?"

"एक चमचा?" मी विचारलं.

"सपाट," तो म्हणाला.

तिघांनीही शिस्त मोडली नव्हती. तिघांनीही चमचा सपाट केला होता. फक्त प्रत्येकानं असं धरलं होतं की मागच्या पाळीनं काम केलेलं नाही. आणि साहेब प्रत्येक पाळीला काचेवर डोकं आपटून तेच सांगत होते. ज्या घरातल्या दोन पुरुषांनी आयुष्यभर पाळी बदलताना लॉगबुकात सही केल्याशिवाय गेट ओलांडलं नाही, त्या घरात एका कासवाचा चार्ज कुणी कुणाला दिला नव्हता. सासऱ्यांना हे सगळ्यात जास्त लागलं. ते म्हणाले, "सस्पेंड करतात याच्यासाठी."

मग नवऱ्याला हसू फुटलं, आणि मग सगळ्यांनाच. साहेब दगडावर बसून आमच्याकडे बघत होते, एक पाय मागे ताणून. तीन पाळ्यांचं जेवण जेवून त्यांच्या मांड्या कवचाबाहेर ओसंडत होत्या. मी आतापर्यंत ते वाढीचं लक्षण समजत होते.

माझं मात्र संपलं नव्हतं. तीन माणसं, तीन ग्रॅम, दहा दिवस, नव्वद. मी विचारलं, वरचे चार ग्रॅम कुठे आहेत. सासरे म्हणाले सांडले असतील. नवरा म्हणाला चार ग्रॅम सोड. मी म्हटलं, सोडायचे असते तर तोललं कशाला.

मुलीनं पापड मोडला आणि शांतपणे म्हणाली, "मम्मी, तुम."

मी नाही म्हटलं. मी त्या डब्याला तोलण्याखेरीज हात लावलेला नव्हता.

"आत्याचा फोन आला होता तवा. बुधवारी. आन शुक्रवारी पन. तू टाकीपाशी उभी राहून बोलत होती, आन चिमटीनं देऊन राहिली होती. कमळ लावलं का, टाकं धुतलं का, आन एक एक दाना. मैंने देखा है."

मला आठवलं. आठवलं म्हणजे, हाताला आठवलं. नणंद फोनवर कमळाच्या कंदाबद्दल सांगत होती, मी हो हो म्हणत होते, आणि साहेब मान वर करून माझ्यासमोर उभे होते. दोन चिमट्या, दोन-दोन ग्रॅम. एकोणीस वर्षं मी लोकांना केबिनमधून खाली उतरवते, आणि इथे काटा लावून मी स्वतःच गाडीत बसून राहिले होते. वर, मी संध्याकाळी भाजी निवडताना रोज पालकाचं पान टाकते, तेही मला तेव्हाच आठवलं. ते तर कुठल्याच हिशोबात नव्हतं. मी तेही कागदावर लिहिलं. नवऱ्यानं कागद हातात घेतला, सगळ्यांना वाचून दाखवला आणि म्हणाला की आता फ्रीजवर लावू. तो अजून तिथे आहे.

त्याच दुपारी सासऱ्यांनी वहीच्या रेघा आखल्या. तारीख, पाळी, काय दिलं, शेरा, सही. गोळ्यांचा एकच चमचा दिवसाला, पण पाळीपाळीनं. आज मुलगी, उद्या तिचे आजोबा, परवा तिचे बाबा. मला पालक मिळाला, दर दोन दिवसांनी एक पान. साहेबांच्या लक्षात काही आलं नाही. ते तिन्ही वेळा काचेवर डोकं आपटत राहिले. सासरे दुपारी त्यांच्यासमोर खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे आणि म्हणायचे, "साहेब, सही झाली आहे. मी काही करू शकत नाही."

स्पंज दोन दिवसांनी पिळला तर तीन बोटं. मग दोन. काचेवर ४ आलं तेव्हा टाकीच्या तळाचे खडे मोजता येत होते. मला वाटलं जमलं. पण मला वाटून काही उपयोग नव्हता. आमची नाकं सवयीची झाली होती. निकाल बोरसीच्या नाकाचा होता, आणि त्या नाकाच्या घरी टाकं घासून तयार होतं, कमळ लागलं होतं.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी मुलीनं सकाळी १ पुसला, पण ० लिहिलं नाही. हातात मार्कर घेऊन उभी होती, मग टोपण लावून ठेवून दिलं. दुपारी नणंद आली. स्कूटीच्या पायदानावर झाकणाची बादली होती, झाकणाला हवेसाठी भोकं पाडलेली. मुलीनं ती बादली पाहिली आणि मुखवट्यांसाठी मण्यांचा हार ओवत खाली मान घालून बसली.

नणंद हॉलमध्ये सोफ्यावर बसली. मी मुद्दाम उदबत्ती लावली नव्हती. फुलंही स्वयंपाकघरात ठेवली होती. तिनं पाणी प्यायलं, इकडचं तिकडचं विचारलं. मी घड्याळ बघत होते. पाच मिनिटं झाली, ती ओसरीवर गेली नाही. सात झाली. मग ती उठून टाकीपाशी गेली, झाकणाच्या फटीशी वाकली आणि श्वास घेतला. एकदा. थांबून पुन्हा एकदा. सासरे आणि नवरा दारात उभे होते, निकालाच्या बोर्डासमोर उभे राहतात तसे.

तिला साहेब हवे होते. खोटं बोलायला फक्त नाक मुरडायचं होतं, आणि त्या नाकाला कुणी आव्हान दिलं नसतं.

"ओल्या गोट्यावानी वास हाय," ती म्हणाली. "नदीचा. हा काही वास नाई, वहिनी." मग तिनं मुलीकडे पाहिलं. "ठेव तुझा तुले. माझं कमळ तं लागलं ना."

मुलीच्या हातातला हार सुटला आणि मणी सोफ्याखाली गेले. ती उठून आत्याला जाऊन बिलगली, आणि सासरे मोठ्यानं म्हणाले की चहा ठेवा.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण झालं. त्रेचाळीस माणसं, मी पत्रावळी मोजल्या होत्या. निम्मी आधी देवींच्या पाया पडली आणि निम्मी आधी टाकीकडे गेली. साहेबांनी प्रत्येकाला डोकं आपटून दाखवलं. टाकीशेजारी सासऱ्यांनी खुर्ची टाकली होती आणि मांडीवर वही घेऊन ते राखण करत होते. तरी शेवटच्या पंगतीनंतर मी पाहिलं, तर नणंद टाकीपाशी एकटी उभी होती. चिमटीत पुरणपोळीचा तुकडा, आणि समोर मान वर करून साहेब.

मुलगी तिच्या मागेच होती. "आत्या, हात खाली."

नणंदेनं तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. "मंग माझी पाळी कवा?"

सासऱ्यांनी वही उघडली आणि पेन काढलं. तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी ती बोरसीहून येते. चमचा भरते, सपाट करते, सही करते, आणि तासभर साहेबांसमोर बसते. आधी वास घेते. ओला गोटा, असं शेऱ्याच्या रकान्यात लिहिते. परत जाताना तिची भोकांच्या झाकणाची बादली स्कूटीवर असते, टाकीतलं काढलेलं पाणी भरून, तिच्या कमळासाठी. पंधरा लिटर. मी मोजून भरते, आणि भरताना चिमटीचा हात पाठीमागे ठेवते.